गिरनारची पहिली वारी: परतीपासून आखायचा दहा हजार पायऱ्यांचा प्रवास

गुजरातमधील जुनागढजवळच्या गिरनार डोंगरावर जाऊन आलेल्या पुष्कळ जणांचे सांगणे एकसारखे असते: दत्तशिखरापर्यंत सगळे ठीक होते, हाल झाले ते परतताना. याचे कारण नशिबात किंवा वयात शोधले जाते, पण खरे कारण बहुधा आखणीत असते. भवनाथच्या तळेटीपासून, म्हणजे पायथ्यापासून, दत्तपादुकांपर्यंत साधारण दहा हजार पायऱ्या आहेत, एवढे सर्वांना ठाऊक असते. या पायऱ्या सलग वर जात नाहीत, हे मात्र फार थोड्यांनी लक्षात घेतलेले असते. वाट अंबाजीच्या मंदिरापर्यंत चढते, तिथून खाली उतरते, पुन्हा गोरक्षशिखरावर चढते, पुन्हा खोल उतरते आणि मग दत्तशिखराचा शेवटचा खडा चढ लागतो. जाताना जे दोन उतार सुखाचे वाटतात, तेच परतताना थकलेल्या पायांसमोर दोन चढ होऊन उभे राहतात. त्यामुळे पादुकांचे दर्शन हा वारीचा शेवट नसून मध्य आहे, असे धरूनच पुढील सर्व टप्पे लिहिले आहेत. महात्म्य आणि इतिहास यांवर भरपूर लिहिले गेलेले असल्याने तो भाग येथे घेतलेला नाही.

## टप्पा १: दिवस निवडणे

पहिल्या वारीसाठी पौर्णिमा टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पौर्णिमेची वारी करणाऱ्या दत्तभक्तांची संख्या मोठी असते, आणि गुरुपौर्णिमा व दत्तजयंती या दिवशी तर शेवटच्या शंभर-दोनशे पायऱ्यांवर रांगेत उभे राहावे लागते. घामाने भिजलेल्या अंगाने, शिखरावरच्या वाऱ्यात, अरुंद पायरीवर तासभर उभे राहणे हे चढण्यापेक्षा अधिक थकवणारे असते. ज्यांना दिवसाचे महत्त्व वाटते त्यांनी गुरुवार किंवा साधा सोमवार धरावा. सोमवारी दत्तशिखराखालच्या कमंडलू कुंडावरील धुनी प्रज्वलित होते, तिचे दर्शनही त्यात साधते.

याखेरीज आणखी तीन काळ टाळण्यासारखे आहेत. दिवाळीनंतरच्या सुट्यांत गुजरातमधील कुटुंबे मोठ्या संख्येने येथे येतात. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या काळात गिरनारची लीली परिक्रमा असते. ती साधारण ३६ किलोमीटरची असून डोंगराभोवतीच्या जंगलातून जाते, आणि त्या दिवसांत भवनाथमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते. परिक्रमा आणि शिखरारोहण हे दोन वेगळे उपक्रम आहेत; ‘आलोच आहोत तर दोन्ही करू’ हा विचार पहिल्या खेपेस करू नये. तिसरा काळ महाशिवरात्रीच्या जत्रेचा.

ऋतूंचे म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण पायऱ्या शेवाळतात आणि ढगांत पुढची पायरी दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल, तर सकाळी दहानंतर उघड्या पायऱ्यांवर असता कामा नये.

## टप्पा २: आठ आठवड्यांचा सराव

रोज सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालणारे लोकसुद्धा गिरनारवर कोलमडतात, कारण सपाट चालण्याने दम वाढतो, पण पायऱ्या उतरण्याची ताकद येत नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात, आणि या प्रकारच्या श्रमानेच ते अधिक दुखावतात. म्हणून सरावात जिना असलाच पाहिजे.

येथे एक चूक हमखास होते. लोक दहा मजले चढून जातात आणि लिफ्टने खाली येतात. असे आठ आठवडे केले, तरी निम्माच सराव झाला. जितक्या पायऱ्या चढाल तितक्याच उतरा.

पहिल्या दोन आठवड्यांत एका वेळी ३०० पायऱ्या चढून-उतरून पाहाव्यात, आठवड्यातून चार दिवस. एका मजल्याला साधारण वीस पायऱ्या धरल्या, तर हे पंधरा मजले होतात. त्यानंतर दर आठवड्याला थोडी भर घालत सातव्या आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत २,००० पायऱ्या चढणे आणि २,००० उतरणे जमले पाहिजे. यात वेगाला काही किंमत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा न धरता उतरता येते का, ही खरी परीक्षा. शेवटचा आठवडा हलका ठेवावा. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत ‘राहिलेला सराव’ भरून काढू नये, तो दुखऱ्या पोटऱ्यांच्या रूपाने सोबत येतो.

तपासून पाहा: ज्या बुटांनी वर जाणार आहात, त्याच बुटांनी शेवटचे चार आठवडे सराव झाला आहे का? नवे बूट घालून गेल्यास पहिल्या दोन हजार पायऱ्यांतच टाचेला फोड येतात.

सावधान: हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना केवळ ‘यात्रेला जाऊ का’ असे विचारू नये. ‘रात्री जागून दहा हजार पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या आहेत’ असे नेमके सांगावे. मधुमेह असणाऱ्यांनी गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा त्या रात्रीसाठी बदलावी लागेल का, हे आधीच विचारून लिहून घ्यावे.

## टप्पा ३: संकल्प कसा करावा

हा टप्पा सामानाच्या आधी ठेवला आहे, कारण चुकीच्या संकल्पामुळे डोंगरावर चुकीचे निर्णय होतात. ‘काहीही झाले तरी पादुकांपर्यंत जाईनच’ हा संकल्प वरवर दृढ वाटतो, पण अंबाजीला छातीत दुखू लागलेल्या माणसाला तो मागे फिरू देत नाही. संकल्प करताना परतीचा त्यात समावेश असावा: ‘दर्शन घडेल तिथपर्यंत जाऊन सुखरूप खाली येईन.’ अनवाणी चढण्याचा, निर्जळी उपवासाचा किंवा अमुक तासांत चढण्याचा नवस पहिल्या वारीला बोलू नये. ज्यांना उपवास करायचाच आहे, त्यांनी तो फराळासह करावा.

वारी एकट्याने करायची की मंडळींबरोबर, हेही येथेच ठरवावे. व्यक्तिगत साधनेसाठी जाणाऱ्यास मौन हवे असते, गटाला गप्पा. यावर सोपा मार्ग असा की, गट एकत्र न्यावा, पण चढताना जोड्या कराव्यात आणि दोघांचा वेग सारखा असावा. एकट्याने जाणाऱ्याने घरच्या एका माणसाला निघण्याची वेळ आणि परतण्याची अपेक्षित वेळ कळवून ठेवावी. वाटेत मोबाइलचा संपर्क सगळीकडे सारखा मिळत नाही, हे त्या माणसालाही सांगून ठेवावे, नाहीतर पहाटे चार वाजता घरी उगाच घबराट होते.

## टप्पा ४: पाठीवर काय घ्यावे

पिशवी भरल्यावर तीन किलोपेक्षा जड लागता कामा नये. गिरनारचा परिसर अभयारण्यात मोडतो आणि वर प्लास्टिक नेण्यावर बंदी आहे. त्यामुळे पाण्यासाठी धातूची बाटली घ्यावी, खाऊ कापडी किंवा कागदी पुडीत बांधावा.

सोबत असावे ते असे: लिटरभर पाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटे, मूठभर खारे दाणे व खजूर किंवा गूळ-चिक्की, डोक्याला बांधता येणारा दिवा व त्याचे जादा सेल, कोरडा सदरा, वारा अडवणारे पातळ जाकीट, कान झाकणारी टोपी, नेहमीची औषधे, फोडांसाठी चिकटपट्टी आणि सुट्या नोटा. यांतील कोरडा सदरा लोक हमखास विसरतात. अंबाजीपर्यंत माणूस घामाने निथळतो, आणि त्याच्यापुढे उघड्या धारेवर वारा लागतो. ओला सदरा अंगावर असेल तर दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

पूजेचे साहित्य मर्यादित असावे. नारळांची जड पिशवी पाच तास वाहून नेल्याने पुण्य वाढत नाही. एक नारळ किंवा थोडी फुले पुरतात. प्रसाद हातात उघडा धरू नये, वाटेत वानरे आहेत.

काठी तळेटीला मिळते. ती जाताना ओझे वाटते म्हणून अनेक जण नाकारतात; पण काठीचे खरे काम उतरताना असते.

तपासून पाहा: पायांची नखे दोन दिवस आधी कापली आहेत का? उतरताना बोटे बुटाच्या टोकावर सतत आदळतात, आणि वाढलेली नखे काळीनिळी पडून पुढे गळून जातात.

## टप्पा ५: पोहोचणे आणि झोपणे

वेरावळकडे जाणाऱ्या गाड्या जुनागढला थांबतात. राजकोटहून रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर पडतात. जुनागढ स्थानकापासून भवनाथ तळेटी रिक्षाने गाठता येते, आणि मुक्काम शहरात न करता भवनाथलाच करावा, म्हणजे मध्यरात्री वाहन शोधावे लागत नाही.

वारी बिघडण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक मंडळी रात्रभर गाडीत अर्धवट झोपतात, सकाळी जुनागढला उतरतात, दिवस ‘वाया जाऊ नये’ म्हणून सोमनाथ करून येतात, संध्याकाळी परततात, भरपेट जेवतात आणि अकरा वाजता चढायला लागतात. म्हणजे सलग दुसरी रात्र झोपेविना जाते. पहाटे तीन-चारच्या सुमारास, गोरक्षशिखराच्या अलीकडे-पलीकडे, डोळ्यांवर झापड येते आणि पाय अडखळू लागतात. मी स्वतः पहिल्या खेपेस हाच कार्यक्रम केला होता. पायरीवर बसल्या बसल्या झोप लागली आणि हातातला दिवा गडगडत दरीत गेला. उरलेली वाट दुसऱ्यांच्या उजेडात चालावी लागली.

म्हणून तीन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी सकाळी पोहोचून आंघोळ, हलके जेवण आणि विश्रांती. त्याच दिवशी सवडीने दामोदर कुंड आणि भवनाथ महादेवाचे दर्शन घ्यावे. संध्याकाळी सहा-साडेसहाला खिचडी किंवा वरणभातासारखे साधे जेवण करून सातला अंथरुणावर पडावे. झोप लागली नाही तरी पाय आडवे राहतात, हे थोडे नाही. दुसरा दिवस चढ-उतार आणि पूर्ण विश्रांतीचा. सोमनाथ असेल तर तिसऱ्या दिवशी, आणि परतीची गाडी त्यानंतर. उतरल्या दिवशीच दुपारची गाडी काढून ठेवणारे उतारावर पळतात, आणि गुडघे तिथेच जातात.

## टप्पा ६: निघण्याची वेळ उलट मोजून काढणे

‘रात्री बाराला निघतात’ असे ऐकले म्हणून बाराला निघू नये. आपली वेळ शेवटापासून मागे मोजावी. समजा, ऊन तापण्याआधी, म्हणजे दुपारी एकपर्यंत तळेटीला परत यायचे आहे. उतरण्यास विसाव्यासह पाच तास धरले, कमंडलू कुंडाला एक तास दिला, तर दत्तशिखरावरून सकाळी सातला निघाले पाहिजे. चढायला सहा तास लागणार असतील, तर प्रस्थान रात्री एकला. उन्हाळ्यात हाच हिशेब तीन तास अलीकडे न्यावा. ज्यांचा सराव कच्चा आहे त्यांनी चढाईचे आठ तास धरावेत.

सूर्योदय शिखरावर पाहण्याची इच्छा असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुनागढ महाराष्ट्राच्या बरेच पश्चिमेस असल्याने घड्याळानुसार सूर्य तिथे उशिरा उगवतो. डिसेंबर-जानेवारीत तो सव्वासातच्या आसपास दिसतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण पाचला शिखरावर पोहोचतात आणि दोन तास थंडीत कुडकुडत बसतात.

रोपवे घेणाऱ्यांसाठी: २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला रोपवे तळेटीहून अंबाजीपर्यंत नेतो, पुढे नाही. अंबाजीपासून दत्तशिखरापर्यंत एका बाजूने आणखी साडेचार ते पाच हजार पायऱ्या चढ-उतारांसह राहतात, म्हणजे जाऊन-येऊन नऊ-दहा हजार. ‘रोपवे आहे, आता काय’ असे म्हणत चपला घालून, पाणी न घेता निघालेले लोक गोरक्षशिखराच्या पायऱ्यांवर बसलेले दिसतात. रोपवे दिवसाच चालतो, जोराचा वारा सुटला की थांबतो आणि देखभालीसाठीही काही दिवस बंद असतो. म्हणून तिकीट काढतानाच शेवटच्या फेरीची वेळ विचारावी, सकाळची पहिली फेरी धरावी, आणि परतीचा रोपवे बंद झाला तर अंबाजीहून पायी उतरण्याइतके बळ व पाणी राखून ठेवावे.

डोली घेणाऱ्यांसाठी: डोलीचा निर्णय तळेटीलाच करावा, अर्ध्या वाटेत ती मिळेलच असे नाही. भाडे वजनावर ठरते. कुठल्या शिखरापर्यंत, परतीसह की फक्त वर, कमंडलू कुंड धरून की वगळून, या तिन्ही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात.

## टप्पा ७: तळेटी ते अंबाजी

पहिल्या पायरीजवळ चढवाव हनुमानाचे दर्शन घेऊन चढण्यास सुरुवात करतात. येथे पाच मिनिटे थांबून बुटांच्या नाड्या, दिवा, पाणी आणि घड्याळ पाहून घ्यावे.

पहिल्या हजार पायऱ्या फसव्या असतात. अंग ताजे, सोबतीला जयघोष, पायऱ्या बऱ्या. त्यामुळे सगळे धावत सुटतात. हजार पायऱ्यांना २५ ते ३० मिनिटे लागली पाहिजेत. पंधरा मिनिटांत झाल्या, तर उत्साहाच्या भरात पुढची रसद खाल्ली असे समजावे. वेगाचा एक साधा काटा नामस्मरणातच आहे: ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ हे एका श्वासात, न तुटता, हळू आवाजात म्हणता आले तर चाल योग्य आहे. मंत्र मध्येच तुटू लागला की वेग कमी करावा. असे केल्याने नामही अखंड राहते आणि छातीचे ठोकेही आवाक्यात राहतात.

दर शंभर पायऱ्यांनी मिनिटभर उभ्यानेच थांबावे. बसणे पाचशे पायऱ्यांनी, आणि तेही पाच मिनिटांहून अधिक नको, कारण स्नायू थंड पडले की पुन्हा उठणे जड जाते. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवावे. केवळ चवड्यावर चढणाऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट प्यावे, तासाला साधारण अर्धा लिटर. बाटली वाटेतील टपऱ्यांवर भरून घेता येते, पण मध्यरात्री प्रत्येक टपरी उघडी असेलच असे नाही.

माळी परब आणि भर्तृहरी गुंफा मागे टाकल्यावर साधारण चार हजार पायऱ्यांच्या सुमारास जैन मंदिरांचा समूह लागतो. जैन तीर्थंकर नेमिनाथांचे मंदिर त्यातच आहे. त्याच्यापुढे गोमुखी गंगा आणि मग अंबाजी. रात्री ही मंदिरे बंद असतात, त्यामुळे त्यांचे दर्शन परतीच्या वाटेवर ठेवावे. पायऱ्यांवर जागोजागी आकडे लिहिलेले आहेत. ते मोजत बसण्यापेक्षा घड्याळ पाहावे, कारण आकड्यांमुळे मनात सतत ‘अजून इतक्या’ चालू राहते.

सावधान: हा सारा परिसर बिबट्या आणि सिंहांच्या वावराचा आहे. रात्री पायऱ्या सोडून झाडीत जाऊ नये, लघुशंकेसाठीसुद्धा वस्तीच्या जागाच वापराव्यात.

## टप्पा ८: अंबाजीला हिशेब

अंबाजी ही विसाव्याची जागा आहे, तशीच निर्णयाचीही आहे. येथे ओला सदरा बदलून जाकीट व टोपी घालावी, थोडे खावे, आणि पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःला प्रामाणिकपणे द्यावीत. पायरी उतरताना गुडघा लटपटतो का? छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर किंवा मळमळ आहे का? इथवर यायला पाच तासांहून अधिक लागले का?

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे जाऊ नये, बसून सोबत्याला सांगावे आणि मदत मागावी. ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ म्हणून चढत राहू नये. पहिल्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे ‘हो’ असेल, तर अर्धा तास विसावा घेऊन पुन्हा पाहावे, आणि तरीही फरक नसेल तर अंबाजीचे दर्शन घेऊन तेथूनच परतावे. इथून मागे फिरल्यास पुढे फक्त उतार असतो. गोरक्षशिखर ओलांडल्यानंतर मागे फिरणाऱ्याला मात्र चढूनच मागे यावे लागते. ही सोय वाटेवर अंबाजीपर्यंतच आहे.

## टप्पा ९: गोरक्षशिखर आणि दत्तशिखर

अंबाजीनंतरची वाट थोडी उतरून गोरक्षशिखराकडे चढते. हे गिरनारचे, किंबहुना सबंध गुजरातचे सर्वांत उंच ठिकाण असून उंची साधारण १,११७ मीटर आहे. येथे वाऱ्याचा जोर अधिक, म्हणून विसावा आडोशाला घ्यावा. त्यानंतर खोल उतार लागतो. तो उतरताना समोर दत्तशिखराचा सुळका दिसतो, आणि नेमके इथेच लोक पळू लागतात. या उताराची प्रत्येक पायरी परतताना चढायची आहे, एवढे मनात ठेवून काठी पुढे टेकत सावकाश उतरावे.

उतार संपल्यावर फाटा लागतो: एक वाट दत्तशिखरावर चढते, दुसरी कमंडलू कुंडाकडे उतरते. आधी दत्तशिखर, नंतर कुंड हा क्रम ठेवावा. आधी कुंडावर उतरून, चहा-प्रसाद घेऊन, मग जड पोटाने शेवटचा चढ चढणे फार अवघड जाते. शिवाय सकाळ होत जाते तशी शिखरावरची रांगही वाढते.

शेवटच्या पायऱ्या खड्या आणि अरुंद आहेत. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर असतात, म्हणून कठडा धरून एका बाजूने चालावे व छायाचित्रासाठी मध्येच थांबू नये. मंदिर लहान आहे, आत छायाचित्रणास मनाई आहे आणि पादुकांपुढे थांबायला फारच थोडा वेळ मिळतो. अनेकांचा इथे विरस होतो: सहा तास चढून सहा सेकंदांचे दर्शन! यावर उपाय असा की, जप, प्रार्थना, मनातले मागणे हे सगळे रांगेतच आटोपून घ्यावे आणि पादुकांसमोर काही बोलण्याच्या भानगडीत न पडता केवळ पाहावे. डोळे मिटू नयेत. मिटले की वेळ संपतो.

हेच शिखर जैन परंपरेत नेमिनाथांचे निर्वाणस्थान मानले जाते, त्यामुळे रांगेत जैन यात्रेकरूही असतात. मालकीचे वाद येथे उकरून काढू नयेत.

## टप्पा १०: कमंडलू कुंड

फाट्यावर परत येऊन कुंडाकडे उतरावे. ही वाट काही शे पायऱ्यांची आहे आणि परत वर यावेच लागते, म्हणून फाट्यावर पुन्हा एकदा पायांची परीक्षा घ्यावी. कुंडावर धुनीचे दर्शन होते, तीर्थ मिळते आणि यात्रेकरूंसाठी अन्नदान चालते. प्रसाद अर्धपोटी घ्यावा. ताटात पडलेले टाकू नये, म्हणून आधीच थोडे वाढून घ्यावे. येथे अर्धा तास शांत बसता येते. शिखरावर न मिळालेला निवांतपणा ज्याला हवा असेल, त्याने ध्यानासाठी हीच जागा धरावी. पण भिंतीला टेकून झोपू नये.

## टप्पा ११: परत येणे

गोरक्षशिखराचा परतीचा चढ हा सबंध वारीतला सर्वांत कठीण भाग आहे, असे मी मानतो. पोटात अन्न, डोळ्यांत झोप, डोक्यावर चढू लागलेले ऊन, आणि ‘झाले दर्शन’ म्हणून सैल पडलेले मन. येथे शंभरऐवजी पन्नास पायऱ्यांनी थांबावे. जलसंजीवनीचे दुसरे पाकीट याच वेळी उपयोगी पडते. पाकीट संपले असेल, तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात असावे.

अंबाजीला पोहोचल्यावर बुटांच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट कराव्यात, म्हणजे पाय पुढे घसरत नाही. मग उतरताना गुडघा किंचित वाकलेला, पाऊल लहान, काठी आधी खालच्या पायरीवर आणि पाय नंतर. पायऱ्या रुंद असतील तिथे सरळ न उतरता नागमोडी उतरावे. मांड्या थरथरू लागल्या की दहा मिनिटे बसावे. थरथरत्या पायांनी उतरताना ठेच लागते, आणि गिरनारवरच्या पडण्यातील इजा दगडी कडांमुळे साधी राहत नाही. जैन मंदिरांचे दर्शन याच विसाव्यात घेता येते.

सावधान: शेवटच्या दीड-दोन हजार पायऱ्यांवर तळेटी दिसू लागते आणि लक्ष उडते. काठी इथेच हातात लागते.

## टप्पा १२: उतरल्यानंतरचे दोन दिवस

खाली येताच गाडीत बसू नये. दहा मिनिटे सपाट जागी चालून मग बसावे. कोमट पाण्याने आंघोळ, मऊ जेवण आणि झोप. पायांची दुखणी त्या दिवशी फारशी जाणवत नाहीत, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतात, म्हणून ‘मला काहीच झाले नाही’ म्हणत त्याच संध्याकाळी दुसरा डोंगर चढायला जाऊ नये. दुखऱ्या मांड्या जोरात रगडून घेऊ नयेत, हलके चालणे अधिक उपयोगी. वेदनाशामक गोळी घ्यायचीच असेल, तर आधी भरपूर पाणी पिऊन आणि लघवी स्वच्छ होत असल्याची खात्री करून घ्यावी. लघवी चहासारखी गडद होत असेल, किंवा स्नायू सुजून कडक झाले असतील, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता जुनागढमध्येच डॉक्टरांना दाखवावे.

तिसऱ्या दिवशी सोमनाथला जाताना वाहनात दर तासाला उतरून पाय मोकळे करावेत, आणि मुक्कामाची खोली मागताना तळमजल्यावरची मागावी.